नागपूरच्या महाल भागातल्या माशांच्या दुकानवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात मी तुमच्या दुकानात आले तेव्हा माझ्याकडे एकही जिवंत अंडं उरलं नव्हतं. रात्री वीज जायची, कॉलेजातला इन्क्युबेटर बंद पडायचा. झेब्राफिश या छोट्या पट्टेदार माशाच्या भ्रूणांना साधारण 28.5 अंश तापमान लागतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात भांड्यातलं पाणी किती तापतं हे तुम्हाला मी काय सांगू! सगळी अंडी पांढरी पडली होती. एमएस्सीचा प्रकल्प जमा करायला 3 आठवडे होते.

तुम्ही आधी स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं, आणि मग मागच्या खोलीत नेलं. कूलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या टाक्या, त्यांना गुंडाळलेलं ओलं गोणपाट. झेब्राच्या टाकीत तळाला कंचे अंथरलेले. मासे आपलीच अंडी खातात, म्हणून ती कंच्यांच्या फटीत पडली पाहिजेत, हे मी वाचलं होतं. पण नर-मादी संध्याकाळीच जाळीने वेगळे करून टाकीवर काळं कापड टाकायचं, हे तुमच्याकडून शिकले. "सकाळी तू आली की मगच कापड काढतो," म्हणालात. उजेड पडला की मासे अंडी घालतात. साडेपाचला मी पोचले, तुम्ही कापड आणि जाळी काढलीत, आणि अर्ध्या तासात कंच्यांमध्ये अंडी दिसू लागली. स्टीलचा डबा नुसत्या पाण्याने तीनदा धुतलात, साबण लावू दिला नाहीत. असं सलग 9 दिवस. पैसे एकदाही घेतले नाहीत.

निघताना तुम्ही विचारलं होतं, "एवढ्याशा अंड्यात काय पाहून राहिली तू, पोरी?" डबा तापेल या घाईत मी "रोगप्रतिकारक पेशी" एवढंच बोलून स्कूटी सुरू केली. ते काही उत्तर नव्हतं. उत्तर आज देते.

अंडं काचेसारखं पारदर्शक असतं, म्हणून आतलं सगळं जिवंतपणी दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली डोळे दिसतात, वळलेली शेपटी दिसते, आणि हृदय नुकतं हलायला लागलेलं असतं. पण रक्त वाहायला लागण्याच्याही आधी एक गोष्ट घडलेली असते. हृदय जिथे होणार, त्याच्या जवळून काही पेशी निघतात आणि पिवळ्या बलकावर पसरतात. या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. हे 1999 मध्ये फिलिप एर्बोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तिथून काही पेशी रक्तात उतरतात, काही सरपटत डोक्याकडे जातात. त्याच अभ्यासात भ्रूणाच्या रक्तात जिवाणू सोडले, तर या पेशींनी ते काही तासांत गिळून टाकले. एक-सव्वा दिवसाचा जीव, काका, अजून अंड्याच्या कवचातच!

आजार नसतानाही त्यांना काम असतं. शरीर घडताना कितीतरी पेशी मरतात, मेंदूत तर फार. त्यांचे अवशेष याच उचलतात. मेंदूत शिरलेल्या पेशी तिथेच राहतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. मी चौथ्या दिवशी पाण्यात न्यूट्रल रेड नावाचा रंग घातला आणि काही तासांनी पिल्लाच्या डोक्यात लाल ठिपके दिसले, त्याच या पेशी. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी ते मोजायचंच विसरले, नुसती पाहत राहिले. आपल्यासारखी प्रतिपिंडं बनवणारी पूर्ण व्यवस्था माशात काही आठवड्यांनी तयार होते. तोवर मॅक्रोफेज आणि त्यांच्या सोबतच्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशीच पिल्लाला सांभाळतात.

माणसाला याचा उपयोग काय, हेही तुमच्या मनात असेल. क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद माशांना आजारी पाडतो, मायकोबॅक्टेरियम मरायनम. 2002 मध्ये ललिता रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेने तो झेब्राफिशच्या भ्रूणात सोडला. मॅक्रोफेजनी तो गिळला, पण तो त्यांच्या पोटातच जगला आणि त्यांच्यासोबत आतल्या भागांत गेला. तिथे पेशींच्या गाठी बनू लागल्या, क्षयरोगात फुप्फुसात बनतात त्याच जातीच्या. गाठीची सुरुवात व्हायला एकट्या मॅक्रोफेजही पुरेशा असतात, हे त्यामुळे जिवंत भ्रूणात पाहता आलं. आणि एक विनंती: हाच जंतू टाकी साफ करणाऱ्यांच्या हातालाही चिवट फोड आणतो. बोटाला कापलेलं असेल तेव्हा हातमोजे घालत जा. त्या दिवशी तुमच्या अंगठ्याला पट्टी होती, तेव्हापासून सांगायचं राहिलं होतं.

तुम्ही म्हणता, आपल्या दुकानातला सगळ्यात स्वस्त मासा. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातून त्याचं वर्णन केलं. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. माझ्या प्रबंधात तर तुमच्याच टाकीतला आहे. आभाराच्या पानावर मार्गदर्शकांच्या लगेच खाली तुमचं नाव लिहिलंय, ते मी स्वतः आणून दाखवणार.

त्याआधी एक करा, काका. बुधवारी पहाटे कापड काढाल तेव्हा मूठभर अंडी माझ्यासाठी ठेवा, मी डबा घेऊन येते. रविवारी ती पिल्लं चार दिवसांची होतील. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा काकूंना घेऊन कॉलेजात या. शनिवारी रात्री मी पाण्यात रंग घालून ठेवते.

तुमची,
अंडीवाली पोरगी