जुलाब थांबले, आता खाऊ घाल

जव्हार

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

ईशानचे जुलाब थांबले, तापही गेला, हे ऐकून बरं वाटलं. पण त्याच दमात तू म्हणालीस की तो काही खात नाही, आणि पोटाला आराम म्हणून पेज आणि वरणाचं पाणीच चालू आहे. फोनवर मी गप्प बसले, कारण शेजारी विहीणबाई होत्या. त्यांचा हेतू चांगलाच आहे. त्यांच्या वेळी डॉक्टरसुद्धा असंच पथ्य सांगायचे. पण आता ते बंद कर.

तापात अंगाची गरज वाढते आणि भूक नेमकी तेव्हाच मरते. जुलाबात आतड्याचं अस्तर खराब होतं, त्यामुळे पोटात गेलेलंही पुरतं अंगी लागत नाही. मग शरीर स्वतःच्या स्नायूंवर भागवतं. त्याच्या मांड्या वाळून सैल पडल्यासारख्या दिसतात म्हणालीस ना, ते यामुळे. ते अस्तर भरून यायलाही अन्नच लागतं. उपाशी ठेवून आतड्याला कसला आराम मिळणार?

वजन ९ किलो २०० होतं, ते ८ किलो ७०० वर आलं. घाबरण्यासारखं नाही, चौदा महिन्यांच्या मुलासाठी हे वाढीच्या तक्त्यावर अजून हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यातच आहे. पण ते अर्धा किलो परत येईपर्यंत आजारपण संपलं असं धरू नकोस. अंगणवाडीत वर्षानुवर्षं मी वाढीच्या तक्त्यावर ठिपके जोडले. धडधाकट मूल एकाएकी कुपोषित झालेलं क्वचितच पाहिलं. पावसाळ्यात जुलाब लागतात, रेषा आडवी होते. सावरतंय तोच खोकला, न्यूमोनिया, रेषा खाली. मूल दर वेळी उठतं, पण गेलेलं वजन भरून यायच्या आत पुढचं दुखणं गाठतं. १९९२-९३ साली आपल्या तालुक्यातल्या वावर-वांगणी गावांचं नाव बालमृत्यूंमुळे पेपरात गाजलं, तेव्हा सगळे 'भूक, भूक' म्हणत होते. भूक होतीच, ती कोण नाकारेल? पण भूक आणि आजार एकमेकांचा हात धरूनच घरात शिरतात. पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे कुपोषणाचा हात असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दाखल्यावर मात्र जुलाब नाहीतर न्यूमोनिया लिहिलेलं असतं.

आता खाण्याचं. या वयाच्या मुलाच्या पोटात एका वेळी वाटीभरच मावतं. ती वाटी पाण्याने भरलीस तर बाकीचं जाणार कुठे? वरणाच्या पाण्यात पाणीच जास्त. डाळ खाली राहते. डाळ-तांदळाची खिचडी मऊ शिजव, रवीने नाही, हाताने कुस्कर, आणि वाढल्यावर वर चमचाभर तूप किंवा तेल घाल. एका लहान चमचा तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात. खिचडी चमच्यावर ठरली पाहिजे, ओघळून गेली तर ती पातळ आहे.

घट्ट केलं की तो गिळत नाही, अशी तुझी तक्रार असणारच. त्यावर आपल्या नाचणीचा उपाय आहे. रात्रभर भिजवलेली नाचणी फडक्यात बांधून मोड आण, सावलीत वाळव, अगदी हलकी भाज आणि दळ. साध्या पिठाची घट्ट खीर शिजली की खाली उतरव, जरा निवली की त्यात या पिठाचा एक चमचा घालून ढवळ. बघता बघता खीर सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढ. पाणी न वाढवता खीर पातळ होते, म्हणजे त्याच वाटीत पीठ जास्त मावतं. पिठाची पुडी मी एसटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते.

अंडं, केळं, दही, सगळं चालतं. विहीणबाईंना दुधाची शंका असेल तर सांग, अंगावरचं दूध आजारातही तोडायचं नसतं आणि नंतरही नाही. नेहमीच्या जेवणांपेक्षा दिवसाला एक जेवण जास्त दे, निदान दोन आठवडे. बरं होताना भूक उसळते, तेव्हा मागेल तेवढं वाढ. नाही उसळली तर थोडं थोडं, वारंवार. समोर बस, बोल, थांब, पुन्हा दे. नाक दाबून भरवू नकोस. मोबाईलवर कार्टून लावून भरवतेस ते मला अजिबात आवडत नाही, पण त्यावर वेगळं भांडू.

झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले म्हणून बंद केल्या नसशील अशी आशा आहे. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. चमच्यात पाणी किंवा अंगावरचं दूध घेऊन विरघळव. तोंडाला धातूसारखी चव येते, थुंकेल, तरी दे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागायची शक्यता त्याने कमी होते. पुन्हा लागलेच तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्णच घाल. अर्धं अर्धं करायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून दे.

गोवराची लस नवव्या महिन्यात झाली आहे, दुसरा डोस सोळा महिने झाले की लगेच. गोवर गेल्यावरही कित्येक आठवडे मूल दुसऱ्या आजारांना सहज बळी पडतं. आपल्याकडे गोवर निघाला की घरात फोडणी बंद, मुलाला निव्वळ पेज. आणि त्याच वेळी त्याला जीवनसत्त्व अ आणि भरपूर खाणं लागतं. या एका रिवाजावरून मी पाड्यावर जितकं बोलले तितकं दुसऱ्या कशावरून नाही.

पाणीसुद्धा पीत नसेल, सगळं ओकत असेल, शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, किंवा मूल मलूल पडून राहिलं तर माझ्या पत्राची आणि फोनची वाट बघू नकोस, तडक डॉक्टरकडे ने.

दर आठवड्याला त्याच काट्यावर, कपडे काढून, सकाळी वजन कर आणि आकडा मला पाठव. मयूररावांना सांग, दूध-अंडी आणायचं काम त्यांचं.

तुझी,
आई