अलॉटमेंटच्या कागदावरचा कोड

प्रिय मनू,

समोर बसून बोललो की आधी तुझा आवाज चढतो, मग माझा, आणि मग बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच. लगेच उत्तर द्यायला हवं असंही नाही.

कॉम्प, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट, हुकल्याचं वाईट मलाही वाटतंय. सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी डेक्कनचा क्लास, रात्री नारायण पेठेतली अभ्यासिका, हे सगळं मी पाहिलंय. सीईटीला, म्हणजे प्रवेशपरीक्षेला, तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर ०.१ पर्सेंटाईल म्हणजे तीनशे मुलं. गणिताचा दोन मार्कांचा एखादा प्रश्न गेला की केवढी रांग पुढे निघून जाते! त्यात पेपर वेगवेगळ्या सत्रांत. पर्सेंटाईल काढतात तो त्या त्या सत्रात बसलेल्यांच्या तुलनेत, प्रत्येक सत्रात हुशार मुलं साधारण सारख्याच प्रमाणात आली असतील असं गृहीत धरून. २०२५ मध्ये तर २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत घोळ निघाला आणि फेरपरीक्षा घ्यावी लागली. एवढ्या बारीक फरकावर पोरांची ब्रँच ठरावी हे मलाही पटत नाही. इथे तू कितीही चिडलीस तरी मी तुझ्याच बाजूची.

पण परवा जेवताना तू म्हणालीस, "माझी सीट त्याने खाल्ली." ते मला लागलं. राखीव जागेतून कॉम्प मिळालेला तो जुन्नरचा मुलगा आपल्या घरी येऊन गेलाय. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, डब्यात रोज तीच बटाट्याची भाजी म्हणून तूच हसायचीस. तुझा क्लास अकरावीपासून, तो बारावीच्या दिवाळीनंतर नुसत्या टेस्ट सिरीजला आला. तुझ्या नोट्स त्याने झेरॉक्स केल्या हे खरं, पण फिजिक्सचे न्यूमेरिकल्स तुला कोणी समजावले तेही आठव.

आता तुझं अलॉटमेंट लेटर काढ. कॉलेज आणि ब्रँचच्या जवळच सीट टाइप लिहिलाय: एल-ओपन-एच. तू तिकडे पाहिलंही नसशील. एल म्हणजे लेडीज. आपल्याकडे मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, ओपनमध्येसुद्धा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, बारावी पुणे विद्यापीठाच्या हद्दीत झाली म्हणून. मी रात्री कटऑफची पीडीएफ उघडून बसले होते. त्याच ब्रँचची जी-ओपन-एच, म्हणजे मुलगे-मुली सगळ्यांसाठीची ओपन सीट, तुझ्यापेक्षा वरच्या पर्सेंटाईलला बंद झालीये. म्हणजे तुझ्याहून जास्त पर्सेंटाईलचा एखादा मुलगा बाहेर राहिलाय, आणि त्याच्या घरीही जेवताना काहीतरी बोलणं झालं असणार.

ती सीट तुझ्या हक्काचीच आहे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. दादामामाला इंजिनिअरिंगला घातलं आणि मला जवळच्या कॉलेजात बीकॉमला, कारण एकाचीच फी झेपत होती आणि ते एक कोण हे कुणी विचारलंच नाही. तेव्हा एल कशासाठी आहे हे मला कुणी शिकवायला नको. फक्त आपल्याला मिळतो तो हक्क आणि दुसऱ्याला मिळते ती खिरापत, हा हिशोब माझ्या घरात चालणार नाही.

त्याच्या कॅटेगरीचा कटऑफ खाली असतो म्हणशील, तर टीएफडब्ल्यूएस या फीमाफीच्या योजनेचा बघ. ट्यूशन फी माफ, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, जातीचा संबंध नाही, आणि जागा मंजूर संख्येच्या जेमतेम पाच टक्के. बऱ्याच ठिकाणी त्याचा कटऑफ ओपनच्याही वर जातो. ती मुलं काय सगळ्यांत हुशार असतात? जागा थोड्या, मागणारे फार, एवढंच.

आणि एक राहिलंच. आपल्या नात्यातल्या एकाचं मॅनेजमेंट कोट्यातून झालं तेव्हा तू पेढा खाल्लास, वर स्टेटसही ठेवलंस. त्याचा पर्सेंटाईल जुन्नरच्या मुलाच्या पुष्कळ खाली होता. तेव्हा कुणाची सीट गेली, हे आपल्यापैकी कुणालाच सुचलं नाही. खासगी कॉलेजात २० टक्क्यांपर्यंत जागा अशा असतात. पैशाचा विषय निघाला की आपण सगळेच फार समजूतदार होतो, काय करणार.

असो. पुढच्या फेरीचा ऑप्शन फॉर्म उद्या संध्याकाळी पाचला बंद होतोय. शेवटच्या तासाला साइट लटकते, तेव्हा सकाळीच भर. बाबा फ्रीज कर, म्हणजे आहे तीच सीट पक्की कर म्हणतात. मला बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरची सीट मागायला, हरकत वाटत नाही, कारण वरचं काही लागलं नाही तर आत्ताची सीट हातात राहते. पण पहिल्या पसंतींत जे मनापासून हवंय तेच टाक, कारण तिथे लागलं की आपोआप फ्रीज होतं. मैत्रिणींच्या याद्या कॉपी करू नकोस. ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम, तुला खरंच आवडतं की नुसतं "कॉम्प नाही तर ते" म्हणून, एवढं स्वतःशी ठरव.

आणि त्या मुलाला फोन कर. त्याची जात पडताळणी अजून अडकली आहे. १९६७ च्या आधीचा पुरावा हवा, म्हणून त्याचे वडील आजोबांच्या शाळेचा दाखला काढायला तालुक्याला खेपा घालतायत. मुदतीत व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, आली नाही तर त्याला ओपनमध्ये टाकतील. बाबांच्या ऑफिसमधल्या एका काकांनी गेल्या वर्षी मुलीसाठी हेच सगळं केलंय, त्यांचा नंबर त्याला दे.

तुझी,
आई