विस्मरणात गेलेला सेनापती

महोदय,

फ्रेंच राज्यक्रांती म्हटली की आपल्याकडे गाडी नेपोलियनपाशी येऊन थांबते. त्याच सैन्यातील कृष्णवर्णीय सेनापती तोमा-अलेक्सांद्र द्युमा क्वचितच कुणाला ठाऊक असतो. आजच्या हैतीत १७६२ साली गुलाम मातेच्या पोटी जन्मलेला हा मुलगा १७८६ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि १७९३ मध्ये सेनापतिपदी पोहोचला. १७९७ मध्ये आजच्या उत्तर इटलीतील क्लाउझेनच्या अरुंद पुलावर त्याने जवळजवळ एकट्याने ऑस्ट्रियन घोडेस्वार रोखून धरले. इजिप्तहून परतताना दक्षिण इटलीतील तारांतो येथे तो कैदेत पडला, दोन वर्षांनी खंगून सुटला, आणि नेपोलियनच्या राजवटीने त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेला निवृत्तिवेतनही दिले नाही. ‘थ्री मस्केटियर्स’कार अलेक्सांद्र द्युमा या कादंबरीकार पुत्राच्या कीर्तीने बाप झाकोळला, हे एक वेळ समजू शकते. सरकारची ही कृतघ्नता मात्र अक्षम्यच. आपल्या रविवार पुरवणीत त्याच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे