रॉकीजना सावरायचे तर आधी पिचर मोजा

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर बेसबॉल दिसतो तो बहुधा जपानी तारा ओहतानीच्या होमरनमुळे, म्हणजे कुंपणापार फटक्यांमुळे. हे पत्र अमेरिकेच्या मेजर लीगच्या दुसऱ्या, तळाच्या टोकाबद्दल आहे. डेन्व्हरचा कोलोरॅडो रॉकीज हा संघ २०२३ मध्ये १०३ सामने हरला, २०२४ मध्ये १०१ आणि २०२५ मध्ये १६२ पैकी तब्बल ११९. त्या हंगामात त्यांनी ५९७ धावा केल्या आणि १,०२१ दिल्या. ४२४ धावांची ही तूट १९०१ पासूनच्या कुठल्याही संघाच्या तुटीपेक्षा मोठी आहे. सॅन दिएगोकडून २१-० असा मार खाल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी, ११ मे रोजी, मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) बड ब्लॅक यांना नारळ देण्यात आला. त्या वेळी खात्यावर ७ विजय आणि ३३ पराभव होते. उरलेल्या हंगामात ३६ विजय आणि ८६ पराभव. मॅनेजर बदलून सुटणारे हे दुखणे नव्हतेच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाची सूत्रे पॉल डिपोडेस्टा यांच्याकडे आली. १९९९ ते २००३ या काळात ओकलंडमध्ये आकडेवारीच्या जोरावर स्वस्तात संघ बांधणाऱ्या बिली बीन यांचा उजवा हात असलेले हेच गृहस्थ. मधली जवळजवळ दहा वर्षे ते क्लीव्हलँडच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडे होते. आकडेवारीवाला माणूस आला, आता स्वस्तात हिरे सापडतील, असा सूर इकडच्या मराठी मंडळींतही ऐकू येतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. ओकलंडचे मैदान समुद्रालगत होते. तिथे जो खेळाडू स्वस्त आणि उपयोगी ठरला, तो डेन्व्हरमध्ये उपयोगी ठरेलच असे नाही. इथे खेळाडूच्या आधी हवेचा विचार करावा लागतो.

कूर्स फील्डच्या वरच्या गॅलरीत जांभळ्या खुर्च्यांची एक रांग आहे. ती बरोबर ५,२८० फुटांवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर येते. या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या मानाने ८२ टक्क्यांच्या आसपास असते. जोहान्सबर्गला षटकार लांब का जातात हे क्रिकेट पाहणाऱ्याला सांगायला नको, इथेही तेच. समुद्रकाठी ४०० फूट जाणारा फटका इथे साधारण ४२० फूट जातो. पण खरा घोळ फटक्यात नसून पिचमध्ये, म्हणजे पिचरने (गोलंदाजाने) टाकलेल्या चेंडूत, आहे. चेंडू वळतो तो फिरकीमुळे बाजूची हवा ढकलली जाते म्हणून. हवाच विरळ, म्हणजे वळणही त्याच प्रमाणात कमी. समुद्रकाठी १८ इंच वळणारा कर्व्हबॉल इथे १५ इंचांच्या आतबाहेर राहतो. फोर-सीम फास्टबॉल उलट्या फिरकीच्या जोरावर कमी खाली येतो आणि फलंदाजाची बॅट त्याच्या खालून जाते. तो आधारही इथे तितकाच घटतो, मग चेंडू नेमका बॅटच्या उंचीवर येतो. तीन इंच म्हणजे किती, असे वाटेल. बॅट सर्वात जाड असते तिथे तिचा व्यास जेमतेम अडीच इंच असतो.

लोकांना आठवतो तो १९९९ चा हंगाम; त्या वर्षी या एका मैदानात ३०३ होमरन झाले. २००२ पासून चेंडू ७० अंश फॅरनहाइट आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवू लागले, त्यामुळे ते बॅटवरून पूर्वीइतके उसळत नाहीत. हा उपाय फटक्यांपुरता झाला. वळणावर त्याने काही फरक पडला नाही, कारण खोली चेंडू बदलते, हवा नाही.

आता पैसे कुठे गेले ते पाहा. डिसेंबर २००० मध्ये माइक हॅम्प्टनशी आठ वर्षांचा १२ कोटी १० लाख डॉलरचा करार झाला, त्याच हिवाळ्यात डेनी नीगलशी पाच वर्षांचा ५ कोटी १० लाखांचा. हॅम्प्टन दोन हंगामांत गेला. दुसऱ्या हवेत मुरलेला पिचर मोठ्या कराराने आणायचा आणि त्याच्या हातातली अस्त्रे इथे बोथट होताना पाहायचे, हा प्रकार त्यानंतर तरी बंद व्हायला हवा होता. उलट जे यशस्वी ठरले ते बघा. २०१८ मध्ये संघाने ९१ सामने जिंकले आणि बाद फेरीत शिकागो कब्जला १३ डावांत २-१ असे हरवले. त्या वर्षी काइल फ्रीलँडचा ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे त्याच्या नावावर लागणाऱ्या धावा, २.८५ होता. फ्रीलँड डेन्व्हरचाच मुलगा, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, आठव्या क्रमांकावर घेतलेला. त्याचा जोडीदार हेर्मान मार्केस जानेवारी २०१६ मध्ये टॅम्पा बेकडून एका ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) आला, तोही दुसरा खेळाडू म्हणून. बातमीचा मथळा जेक मगी या रिलीव्हरचा, म्हणजे मधूनच टाकायला येणाऱ्या पिचरचा, होता. इथे टिकलेले पिचर तरुणपणीच इथे आले आणि इथेच घडले. २०२५ मध्ये सुरुवात करणाऱ्या पिचरांचा (स्टार्टर) एकत्रित ईआरए ६.६५ होता. ईआरएची अधिकृत नोंद १९१३ पासून होते; तेव्हापासून इतका वाईट आकडा दुसऱ्या कुठल्या संघाचा नाही.

मग कसा पिचर हवा? ज्याचे मुख्य अस्त्र हवेवर कमी अवलंबून आहे असा. स्वतःच्या जाण्याच्या रेषेभोवती फिरणारा कडक स्लायडर हा पिच मुळातच हवा कमी ढकलतो, त्यामुळे उंचीवर त्याचे फारसे बिघडत नाही. कटर या किंचित वळणाऱ्या फास्टबॉलचेही बरेचसे तसेच. स्प्लिटरमध्ये फिरकीच कमी असते, तो गुरुत्वाकर्षणाने पडतो, आणि गुरुत्वाकर्षण डेन्व्हरमध्येही शाबूत आहे. मोठा गोलाकार कर्व्हबॉल किंवा आडवा पसरणारा स्वीपर हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा आहे, त्याला कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. दुसरी अट: पहिल्या चेंडूपासून स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाच्या टप्प्यातल्या चौकटीत चेंडू, टाकणारा. इथे वॉक (चार चेंडू चौकटीबाहेर, मग फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर) देऊन पुढच्या फलंदाजाशी लढायचे म्हणजे आगीत तेल.

यात एक बारकावा वारंवार सुटतो. रॉकीजचा डबल-ए, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ हार्टफर्डला, कनेक्टिकटमध्ये, जवळजवळ समुद्रसपाटीला खेळतो. त्याच्या वरच्या पायरीचा ट्रिपल-ए संघ अल्बुकर्कीला, जवळपास डेन्व्हरइतक्याच उंचीवर. पोरगा हार्टफर्डला सुंदर टाकतो, बढती मिळून अल्बुकर्कीला जातो आणि एकाएकी मार खायला लागतो. मग त्याचा आत्मविश्वास गेला, असे निदान होते. गेलेले असते चेंडूचे वळण. अल्बुकर्कीचा ईआरए पाहून कोणाला बढती द्यायची आणि कोणाला नाही हे ठरवू नये. स्ट्राइकचे प्रमाण, वॉक, फलंदाजाने बॅट फिरवूनही हुकलेले चेंडू, आणि कोणता पिच उंचीवर किती इंच वळतो याची नोंद, एवढ्यावर ठरवावे. आणि प्रत्येक होतकरू पिचरला अल्बुकर्कीत निदान दहा-बारा स्टार्ट द्यावेत, धावा कितीही जावोत. डेन्व्हरला लागणारे ग्रिप तिथेच बसवता येतात. थेट मेजर लीगमध्ये हा धडा गिरवला की त्याची किंमत ११९ पराभवांत मोजावी लागते.

आता हिशेब. १६२ सामने गुणिले सामन्यामागचे नऊ डाव म्हणजे १,४५८ डाव. स्टार्टर सरासरी पाच डाव टिकला तर ८१० डाव झाले. उरले सुमारे ६५०. २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात: पाच स्टार्टर, आठ रिलीव्हर. आठ जणांनी प्रत्येकी ६५ डाव टाकले तरी ५२० होतात. म्हणजे १३० डाव कमी पडतात, आणि हे सगळे निरोगी राहिले तर. तूट भरायची ती ट्रिपल-एमधून वर-खाली करणाऱ्यांनी. नियम असा की ज्याचे ऑप्शन, म्हणजे खाली पाठवण्याची मुभा असलेले हंगाम, शिल्लक आहेत त्याला एका हंगामात पाच वेळा खाली पाठवता येते, पण पिचर गेला की एरवी १५ दिवस परत येत नाही. फक्त कोणी जखमी झाला तर त्याच्या जागी आधी आणता येतो. म्हणून क्लबच्या ४० जणांच्या यादीत, जिच्यातून हे २६ निवडतात, ऑप्शन शिल्लक असलेले निदान चार रिलीव्हर आणि तीन स्टार्टर हवेत. ऑप्शन संपलेला, बत्तिशीचा, सरासरी रिलीव्हर एक वर्षाच्या कराराने घेणे वरकरणी शहाणपणाचे दिसते. तो जागा अडवतो, आणि १२-४ ने हरत असलेल्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी ताजा हात आणायची वाट बंद होते.

२०१२ मध्ये जिम ट्रेसी मॅनेजर असताना रॉकीजने चार स्टार्टर आणि प्रत्येकाला ७५ पिचची मर्यादा, असा प्रयोग केला होता. त्याची अजून थट्टा होते, कारण ते वर्ष ६४-९८ असे संपले. कल्पना इतकी वाईट नव्हती. ती जूनमध्ये, हंगाम हातातून गेल्यावर आणली गेली, आणि चौघांनंतर येऊन तीन-तीन डाव टाकतील असे पिचरच यादीत नव्हते. आज ती पुन्हा करून पाहायची तर हिवाळ्यातच, आणि माणसे मोजून.

माणसे आणायची कुठून, याला तळाच्या संघाकडे एक स्वस्त वाट असते. कोणत्याही क्लबने खेळाडू वेव्हरवर टाकला, म्हणजे इतरांना घ्यायला मोकळा केला, की सर्वात वाईट निकाल असलेल्या संघाला पहिला हक्क मिळतो. मार्चअखेरीस सगळे क्लब यादी २६ वर आणतात तेव्हा ऑप्शन संपलेले, पण चांगला स्लायडर असलेले पिचर या बाजारात येतात. वर बत्तिशीच्या रिलीव्हरला नको म्हटले. पंचविशीच्याला ऑप्शन नसले तरी जागा द्यायला हरकत नाही, कारण जमला तर तो पुढची चार-पाच वर्षे आपला. दुसऱ्या क्लबच्या ४० जणांत नसलेला तरुण उचलण्याचा रूल फाइव्ह ड्राफ्ट हा दुसरा बाजार: एक लाख डॉलर भरायचे, खेळाडू हंगामभर मेजर लीगच्या यादीत ठेवायचा, नाही ठेवला तर मूळ क्लबला ५० हजारांत परत द्यायचा. २०२४ मध्ये १२१ सामने हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सने त्याच डिसेंबरात मिलवॉकीकडून शेन स्मिथला असाच उचलला; पुढच्या जुलैत तो ऑल-स्टार झाला. जिंकणाऱ्या संघाला नवख्यासाठी वर्षभर जागा अडवणे परवडत नाही. रॉकीजना परवडते.

विकण्याबाबत या क्लबचा इतिहास ऐकवत नाही. जुलै २०२१ मध्ये ट्रेव्हर स्टोरी आणि जॉन ग्रे या दोघांचे करार संपत आले होते, गिऱ्हाइके होती, दोघांनाही ठेवून घेतले. स्टोरी गेला तेव्हा भरपाईचा एक ड्राफ्ट पिक (निवडीतली जादा पाळी) मिळाला. ग्रेला क्वालिफाइंग ऑफरसुद्धा (एका वर्षाचा देकार, जो नाकारून खेळाडू गेला तरच भरपाई मिळते) दिली नव्हती, त्यामुळे तो टेक्सासला गेला तेव्हा हाती धुपाटणे. जुलै २०२२ मध्ये डॅनियल बार्ड हा ३७ वर्षांचा क्लोजर (सामन्याचा शेवट करणारा रिलीव्हर) जन्मातला सर्वोत्तम हंगाम खेळत होता. त्याला विकायचे सोडून दोन वर्षांचा १ कोटी ९० लाखांचा करार दिला. २०२४ मध्ये तो दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. जो संघ तीन वर्षांत बाद फेरीत जाणार नाही त्याने क्लोजरवर जीव लावू नये. २०२५ मध्ये रायन मॅकमहन आणि जेक बर्ड यांना यँकीजकडे पाठवले, ही पहिली चांगली खूण. मॅकमहनच्या बदल्यात दोन तरुण पिचर आले, तेही बरेच झाले.

कॅचर हंटर गुडमनने २०२५ मध्ये ३१ होमरन मारले. त्याला विकावे का, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते मेजर लीगच्या उंबरठ्यावरचे दोन स्टार्टर मिळत असतील तरच. सेंटर फील्डला ब्रेंटन डॉइल मात्र सोडू नये. २०२३ आणि २०२४ ची क्षेत्ररक्षणाची गोल्ड ग्लव्ह पारितोषिके त्याच्याकडे आहेत आणि बॅट थंड असल्याने भावही पडलेला आहे. कूर्स फील्डची कुंपणे मुद्दाम दूर ठेवलेली आहेत, डावीकडे ३४७ फूट, मध्यभागी ४१५, उजवीकडे ३५०. या अफाट जागेत पडणारे सिंगल आणि डबलच पिचरला पोखरतात. इथे एक वेगवान आउटफिल्डर म्हणजे अर्धा पिचर.

फलंदाज बाहेरगावी ढेपाळतात, त्याचे मूळही हवेतच आहे. दहा दिवस घरी कमी वळणारे चेंडू पाहिलेला डोळा लॉस एंजेलिसला पोचताच फसतो. पिच हुबेहूब उभे करणारी यंत्रे आता मिळतात. दौऱ्यावर निघण्याच्या दोन दिवस आधी समुद्रकाठच्या वळणावर सराव करून घेणे, एवढे तरी होऊ शकते.

राहिला क्रिस ब्रायंट. मार्च २०२२ मध्ये सात वर्षांचे १८ कोटी २० लाख डॉलर, आणि चार हंगामांत मिळून १७० सामने; २०२५ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे अवघे ११. हंगामात त्याला ६० दिवसांच्या जखमी यादीत टाकले की ४० मधली जागा मोकळी होते. पण जागतिक मालिका संपली की ती यादी बंद, आणि त्याला पुन्हा चाळिसांत घ्यावे लागते. रूल फाइव्हपासून आपले तरुण वाचवायला नोव्हेंबरात जागा लागतात, आणि एक जागा त्याच्याकडे. २०२६ ते २०२८ चे जवळपास ८ कोटी डॉलर तो खेळला तरी द्यायचे, घरी बसला तरी द्यायचे. पैसे गेलेच आहेत. जागा तरी सोडवून घ्यावी. मालक डिक मॉनफर्ट यांना ते कबूल करणे जड जाईल, पण डिपोडेस्टांच्या हातात खरोखर किती सत्ता आहे ते यावरूनच कळेल.

ड्राफ्टवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एवढेच: ११९ पराभव होऊनही २०२६ मध्ये रॉकीजची पाळी दहावी आहे. महसूल वाटणीतून पैसे मिळणाऱ्या क्लबला सलग तिसऱ्या वर्षी लॉटरीतला, म्हणजे सोडतीने ठरणारा पहिल्या सहांतला, पिक मिळत नाही, आणि २०२४ मध्ये तिसरा, २०२५ मध्ये चौथा यांनी घेऊन झाला आहे. दहाव्या पाळीला कॉलेजमधला कडक स्लायडरवाला पिचर उरलेला असतो. तो घ्यावा, आणि हार्टफर्डमध्ये फार दिवस ठेवू नये.

आपला,
एक वाचक
ऑरोरा, कोलोरॅडो