आप्पा, मी पणजीला जाऊन आले

लिस्बन,
३ ऑगस्ट

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

पणजीच्या शिक्क्याचं एक पार्सल एव्हाना तुम्हाला मिळालं असेल. आत आमसुलं आणि वर तुमच्या नावाचं बंद पाकीट. नात लिस्बनला आणि पार्सल पणजीहून कसं, म्हणून तुम्ही चष्मा पुसून पुसून शिक्का वाचला असणार. फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई मध्येच सांगून टाकते. म्हणून सविस्तर लिहिते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आधी गुन्हा कबूल. जुलैत मी भारतात येऊन गेले. बंगळुरूला आठवडाभर ऑफिसचं काम होतं, त्याला जोडून तीन दिवस सुट्टी मिळाली आणि ते तिन्ही दिवस मी पणजीत घालवले. तिथून कोल्हापूर किती तासांवर आहे ते मला सांगू नका, माहीत आहे. हॉस्टेलमधली आम्ही चौघं नऊ वर्षांनी एकत्र जमत होतो, आणि घरी एक रात्र डोकावून परत पळाले असते तर आई जास्त चिडली असती. (हे कारण मला विमानात सुचलं, पण खोटं नाही.) दिवाळीचं तिकीट काढलंय, एवढं तिच्या कानावर घाला.

उतरलो होतो मासेवालीकडे, म्हणजे चौघांतल्या आमच्या गोव्याच्या मैत्रिणीकडे. आठवते ना? आपल्याकडे आली होती आणि तांबडा रस्सा बघून ‘यात मासा नाही?’ म्हणाली होती, ती. गंमत म्हणजे तिच्याच घरी आम्हाला ताजा मासा मिळाला नाही. जून-जुलै मासेमारी बंद असते. तिची आई दारातच ओशाळून म्हणाली, ‘आतां नुस्तें खंय मेळटलें?’ मग सुक्या सुंगटांची (म्हणजे कोळंबीची) किसमूर, भाज्यांचं खतखतं, उकड्या तांदळाचा भात आणि वाटी-वाटी सोलकढी. आमचा नागपूरकर पहिल्या दिवशी नाक धरून बसला होता, तिसऱ्या दिवशी किसमूरसाठी भांडत होता.

सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर येतो, पाव आणि पोयी घेऊन. लिस्बनला मी रोज बेकरीत ‘पांव’च मागते, नाकातून. चावी, बटाटा, पगार, अननस, सगळं इकडून तिकडे गेलेलं. इथे आले तेव्हा भाषेच्या वर्गात मी एकटीच हसत होते आणि बाईंना कळेना का ते. आता पणजीत उलटं झालं. मी पोर्तुगालची म्हणून मित्रांनी मला दुभाष्याच्या कामाला जुंपलं. जुन्या गोव्यात चर्चच्या जमिनीतले थडग्यांचे दगड दिसले की, ‘हे वाच.’ बहुतेकांवर ‘सेपुल्तुरा’, म्हणजे याचं थडगं, त्याचं थडगं. दहाव्या दगडानंतर त्यांनीच मला माफ केलं.

जुना गोवा तुम्ही पाहिलाय, त्यामुळे फार लिहीत नाही. फक्त संत ऑगस्टीनचा तो जांभ्या दगडाचा ४६ मीटरचा मनोरा पावसात बघायला हवा होता तुम्ही. १८४२ साली छत कोसळलं, मग एकेक करत बाकीचं गेलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचाही निम्मा भाग पडला. शेवाळ्याने हिरवागार, वरून पाणी निथळत होतं, खाली आम्ही चार छत्र्या. तिथली घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि मग पणजीच्या चर्चवर. पणजीतल्या त्या पांढऱ्या जिन्यांच्या चर्चची घंटा संध्याकाळी ऐकली, तेव्हा मासेवाली म्हणाली, ‘सकाळी जिथे उभे होतो ना, तिथली ही.’

पणजी पायीच हिंडलो. फोन्तेन्यासची पिवळी-निळी घरं, शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या, सज्जांवर पावसासाठी बांधलेलं प्लास्टिक. दारोदार पाट्या: फोटो काढू नका. नागपूरकराला राग आला. मला नाही आला. लिस्बनमध्ये आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता पाहुण्यांच्या बॅगांची चाकं फरसावरून खडखडतात. सुंदर गल्लीत राहण्याची शिक्षा काय असते ते मला चांगलं माहीत आहे. मीही फोटो काढले, पण बंद दारांचे.

जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. बाईवर हात पसरून उभा, लांबून बघितलं तर भांडण चाललंय असं वाटतं. कांदोळीचा हा मुलगा पुढे पॅरिसला जाऊन संमोहनविद्येत नाव कमावून बसला. त्याची गोष्ट तिथे सगळे सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि घाबरून त्याची बोबडी वळली. तेव्हा व्यासपीठाखालून बाप कोकणीत पुटपुटला: ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि पोरगा सुटला. खरी-खोटी देव जाणे. पण आप्पा, पहिल्यांदा इथल्या ऑफिसात पोर्तुगीजमध्ये बोलायला उभी राहिले तेव्हा ही गोष्ट माहीत असती तर बरं झालं असतं.

आता पाकिटाचं.

मासेवालीची आजी ब्याऐंशी वर्षांची. घरात सगळ्यांशी कोकणीत बोलते, सुनेशी कोकणीत भांडते, पण सकाळी मराठी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचते, आरत्या मराठीत, हिशेबाची वहीही मराठीत. मला वाटलं, ही तर तुमच्या बाजूची. म्हणून उत्साहात सांगून टाकलं की, आमचे आप्पा ६७ साली जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणून प्रचाराला आले होते, फुलाच्या बाजूने (विलीनीकरणाची खूण फूल, गोवा वेगळा ठेवायची दोन पानं), म्हार्दोळला देवळाच्या अग्रशाळेत झोपायचे, आणि जेवढ्या मतांनी फूल हरलं तो ३४,०२१ हा आकडा अजून आम्हाला पाढ्यासारखा ऐकवतात.

आजींनी पेपर खाली ठेवला. ‘तुजो आजो हांगा आयिल्लो?’ मग मराठीवर आल्या. ‘मी दोन पानांना मत दिलं होतं.’

मासेवालीला हे माहीतच नव्हतं. नवऱ्याने फुलाला दिलं, आजींनी पानांना. १६ जानेवारीला दोघं एकाच बैलगाडीतून गेले, आणि आजींनी ते नवऱ्याला पुढे कधीच सांगितलं नाही. मी विचारलं, मराठी एवढी जवळची, मग का? म्हणाल्या, ‘मराठी आमचीच. पण मुंबईच्या राज्यात आम्ही एक जिल्हा झालो असतो. माझ्या विहिरीचा कागद मुंबईला जाऊन कधी परत आला असता?’ आणि वर, ‘मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा मत मगो पक्षाच्या सिंहालाच दिलं. भाऊसाहेब बांदोडकर आमचेच माणूस.’ म्हणजे जानेवारीत त्यांचं विलीनीकरणाचं म्हणणं नाकारायचं आणि मार्चमध्ये त्यांनाच परत मुख्यमंत्री करायचं! तुम्ही याला दगाफटका म्हणत आलात. आजींना त्यात काहीच विसंगत वाटत नाही, आणि त्यांच्या ओसरीवर बसून ऐकताना मलाही वाटलं नाही. रागावू नका.

वाद घालायला तुम्ही हवे होतात. मला कोकणीला राजभाषा करणाऱ्या ८७ सालच्या कायद्यापुढे काही सुचेना, आणि त्यावरही आजी माझ्यापेक्षा जास्त बोलल्या.

एक मात्र सांगते. त्यांच्या गावात म्हणे तेव्हा घाटावरची पोरं प्रचाराला आली होती. भाषणं झकास करायची, गाणी म्हणायची, पण पानात मासा वाढला की काटे काढता यायचे नाहीत. एकाच्या घशात काटा अडकला आणि सगळ्या वाड्याने त्याला भाताचे गोळे गिळायला लावले. आजींना त्याचा चेहरा आठवत नाही, कोल्हापूरचा होता एवढं आठवतं. आप्पा, तुम्ही आयुष्यभर मासा खात नाही, ते नक्की वारकरी म्हणूनच ना?

निघायच्या दिवशी आजींनी आमसुलं बांधली, त्यावर ते पाकीट ठेवलं, आणि मासेवाली नि मी भर पावसात पोस्टात जाऊन टाकून आलो. आत काय लिहिलंय मला माहीत नाही, चिकटवून दिलं होतं. मराठीत आहे एवढं नक्की. आमसुलं उन्हं पडली की एकदा वाळवा आणि बरणीत घाला, ओल लागू देऊ नका. पाकिटाच्या मागे त्यांचा पत्ता आहे. उत्तर त्यांनाच पाठवा.

आईला, दादाला नमस्कार.

तुमची,
बेबी