पेटी चुकली नव्हती, बुवा

तीर्थस्वरूप बुवांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइल फक्त कानाला लावण्यापुरता वापरता, त्यामुळे हे पत्र तुमचा नातूच तुम्हाला वाचून दाखवील. घरी येऊनही सांगता आलं असतं. पण मग ते तुमच्या खळ्यातच राहिलं असतं, आणि चूक तर मी भरल्या हॉलसमोर केली होती. म्हणून हे असं चव्हाट्यावर.

त्या रात्री आमचं ‘संगीत सौभद्र’ बघायला जे जे आले होते, त्या सगळ्यांना सांगायचंय. पेटी चुकली नव्हती. मी चुकले होते.

आता जरा मागून सांगते.

आमच्या कॉलेजनं यंदा संगीत नाटकांचा हंगाम करायचा घाट घातला. महिनाभरात तीन प्रयोग : ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’ आणि आम्हीच रचलेली एक संगीतिका. संगीतिकेचं खूळ इंग्रजीच्या सरांचं. पर्सेल या इंग्रज संगीतकाराचा ‘डायडो अँड ईनियस’ हा ऑपेरा १६८९ च्या सुमारास चेल्सीमधल्या मुलींच्या एका शाळेत झाला होता, असं त्यांनी एकदा शिकवता शिकवता सांगितलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “त्या शाळेतल्या मुली होत्या. तुम्ही तर कॉलेजात आहात.” एवढं पुरलं. आम्ही रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीनं जाळं ओढायच्या मासेमारीवर, संगीतिका रचली. चाळीस मिनिटं, सगळी मालवणीत, बोलणंसुद्धा सुरात. मासळीचा भाव ठरवतानाचं भांडण सुरात कसं भांडायचं यावर आमच्यातच आठ दिवस बेसूर भांडण चाललं होतं, ते असो.

उत्साह होता, पोरं होती, नऊवारी साड्या आयांच्या ट्रंकांतून निघाल्या. नव्हती ती साथ. आणि संगीत नाटक साथीशिवाय म्हणजे होडी आहे, पण समुद्र नाही.

ज्यांच्या ज्यांच्याकडे शब्द टाकला, त्यांनी एकच सल्ला दिला : “ट्रॅक लावा ना! आजकाल सगळे ट्रॅकवरच गातात.” सल्ला फुकट होता, तेवढाच त्याचा गुण. ‘सौभद्रा’त शंभरावर पदं आहेत. आम्ही त्यातली पंचवीस ठेवली होती. आमचा अर्जुन काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात गातो, मी, म्हणजे सुभद्रा, काळी चारमध्ये. एकाच प्रवेशात दोघांचे सूर सांभाळायचे, शिवाय कुणी मध्येच एखादी जागा घ्यायला थांबला तर त्याच्यासाठी थांबायचं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. तो आपला वेळेवर निघून जातो, एसटीसारखा. (एसटीची माफी मागते, ती इतकी वेळेवर नसते.)

मग वर्गणी काढून मोठ्या शहरातले एक ऑर्गनवादक ठरवले. अर्धे पैसे आगाऊ दिले. प्रयोगाच्या चार दिवस आधी ते कोकणकन्येनं येणार होते. आमची दोन पोरं पहाटेपासून कुडाळ स्टेशनवर, एक हार घेऊन. गाडी आली, मास्तर नाहीत. दुपारी मेसेज आला : ‘अपरिहार्य कारणास्तव.’ एवढे दोनच शब्द. त्याच रात्री ते दुसऱ्या एका कार्यक्रमात वाजवत होते, हे आम्हाला फोटोवरून कळलं. तेव्हापासून आगाऊ पैशांचा विषय काढला की त्यांची रेंज जाते. रेंज आमच्या डोंगरात जायची, बुवा. त्यांच्या शहरात कशी जाते, देव जाणे.

साउंडवाल्याचंही थोडंफार तसंच झालं, पण त्याच्यावर शाई कशाला घालवू?

कॅन्टीनच्या मावशींनी तुमचं नाव काढलं. खरं सांगते, आमच्यातल्या काहींनी तोंडं वाकडी केली होती. डबलबारीच्या भजन-सामन्यांचे बुवा, जत्रेतल्या दशावतारी नाटकांत पेटी धरणारे, यांना नाट्यपदं जमतील का? हे बोलणाऱ्यांत मी होते. हेही आज कबूल करून टाकते.

दिवस तुमच्या धावपळीचे. कार्तिकी झाली की आपल्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी फिरून आल्यावर मध्यरात्री नाटक उभं राहतं आणि पहाट फुटेपर्यंत तुमची बोटं पेटीवर. असे रात्रभर जागलेले तुम्ही दुपारी तीनला स्कूटरवरून आलात. पुढ्यात पायांच्या मध्ये पेटी, तिला आंब्याच्या दिवसांतलं गोणपाट गुंडाळलेलं. कुणी पुढे झालं नाही, तर तुम्हीच ती उचलून आत आणलीत.

कॉलेजचा जुना ऑर्गन प्रयोगशाळेच्या मागे मोडक्या बाकांखाली होता. तुम्ही झाकण उघडलंत. भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लेलं, खाऱ्या हवेनं पितळी सूर हिरवे पडलेले. तुम्ही एका पट्टीवर बोट ठेवलंत, ती खाली गेली आणि वर आलीच नाही. झाकण मिटून तुम्ही त्या ऑर्गनला नमस्कार केलात. तेव्हा मला हसू आलं होतं.

मग चार दिवसांत तुम्ही काय काय केलंत याची यादी देत बसत नाही. एक मात्र लिहिते. संगीतिकेतला कोरस आमच्याकडून काही केल्या एकत्र येईना. तुम्ही ऐकलंत आणि विचारलंत, “रापण कुणी ओढलीय यातल्या?” दोघांनी हात वर केले. त्यांना तुम्ही खरी दोरी हातात देऊन ओढायला लावलंत आणि म्हणालात, जिथे जोर लागतो तिथे सम ठेवा, जिथे पाय मागे सरकतो तिथे श्वास घ्या. दहा मिनिटांत बारा पोरं एका गळ्यानं गायला लागली. सर मागे उभे राहून टिपण काढत होते.

आणि मला तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत की १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं तेव्हा बाईनं नाटकात उभं राहायची सोयच नव्हती, भाऊराव कोल्हटकर सुभद्रा व्हायचे. “आमच्याकडे अजून पुरुषच साडी नेसतात. बाईच्या गळ्याला साथ करायची सवय मला कमी आहे, तेव्हा माझं काही चुकलं तर सांभाळून घे.” माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस मला सांभाळून घे म्हणत होता. मी मान हलवली, जशी काही खरंच सांभाळणार होते.

प्रयोगाच्या सकाळी माझा घसा बसला. मी कुणाला सांगितलं नाही. मध, लवंग, गरम पाणी, सगळं करून झालं. पहिला अंक कसाबसा निघाला. मग ‘वद जाऊं कुणाला शरण’ आलं. पहिली ओळ ठीक. वर गेले आणि आवाज फाटला. म्हणजे नुसता चिरकला नाही, मधोमध फाटला, जुन्या धोतरासारखा. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढची ओळ कुठली, तीही डोक्यातून गेली.

आणि पेटी थांबली.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता. भात्यावरचा हात काढून तुम्ही कानाच्या पाळीला लावलात, प्रेक्षकांकडे बघून मान खाली घातलीत, दोन्ही हात जोडलेत. जसं काही बोट घसरलं ते तुमचंच. हॉलभर एक सुस्कारा फिरला : अच्छा, पेटीवाल्याचं चुकलं होय! कुणीतरी टाळीही वाजवली, ‘होतं हो’ अशी.

मग तुम्ही सुरुवातीची ओळ पुन्हा वाजवलीत. अगदी सावकाश, दोनदा. मला शब्द आठवेपर्यंत षड्ज धरून ठेवलात. मी गायला लागले, वरची जागा आली आणि आवाज तिथे बसला. का बसला ते मला पद संपत आलं तेव्हा कळलं. तुम्ही सूर उतरवला होता. काळी चारवरून काळी तीन. कुणाला न सांगता, मलाही न सांगता. पुढची सगळी पदं तुम्ही तिथूनच दिलीत. अर्जुनाची मात्र त्याच्या त्याच्या पट्टीतून.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या मी घेतल्या.

खरी शरमेची गोष्ट पुढची. चहाला बाहेर आलो तेव्हा एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणाले, “बाकी उत्तम झालं, पेटी तेवढी कच्ची वाटली.” बाजूच्या दोघांनी माना डोलावल्या. तुम्ही दोन हातांवर होता, हातात भज्यांची बशी. तुम्ही ऐकलंत आणि हसलात. मी तिथेच होते. माझ्या हातात कप होता, अंगावर सुभद्रेचा शालू होता, तोंडात जीभ होती. मी काही बोलले नाही.

मागे तुम्ही पेटीला गोणपाट गुंडाळत होता तिथे मी आले, रडायला लागले. तुम्ही गाठ मारता मारता म्हणालात, “पेटयेक खयची गो लाज?” पेटीला कसली गं लाज?

त्या वाक्यानंतर मला तीन रात्री झोप नीट लागलेली नाही.

पाकीट तुम्ही घेतलं नाहीत. “नारळ गावलो, बस झाला” म्हणालात आणि स्कूटरला किक मारलीत, कारण साडेअकराला तुमची दुसरीकडे जत्रा होती. आमच्यासाठी तुम्ही तुमचं जेवण चुकवलंत, हे नंतर मावशींकडून कळलं.

मी आजवर नावाजलेली पुष्कळ माणसं पाहिली. ती मंचावर आली की आधी माइक स्वतःकडे ओढतात. चूक झाली की बोट दुसऱ्याकडे, शाबासकी आली की छाती पुढे. असंच असतं, असं समजून मीही तशीच घडत चालले होते बहुधा. आपल्याकडे एखादा माणूस दुसऱ्याची ओटी ओलांडून आत न येता नुसता पायरीवर पिकलेला फणस ठेवून जातो, नाव सांगत नाही. अशी माणसं अजून वाडीवाडीत आहेत आणि त्यांची कुठेही बातमी होत नाही. संगीताच्या परीक्षा मी चार दिल्या आहेत, बुवा. साथ म्हणजे काय, असा प्रश्न त्यात होता, मी त्याला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. गायकाच्या मागे मागे जाणे, असं काहीतरी लिहिलं होतं.

त्या प्रतिष्ठित गृहस्थांना मी काल गाठलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अगं, मग त्यांनी तेव्हाच का नाही सांगितलं?” मला उत्तर देता आलं नाही, आणि त्यांना ते कळलंही नसतं.

उरलेलं थोडक्यात. कॉलेजचा ऑर्गन दुरुस्त करायचा ठराव झाला आहे. भात्याचं चामडं आमचा अर्जुन आणणार आहे, त्याच्या मामांचा चपलांचा धंदा आहे. पितळी सूर घासायला तुम्हीच यायचं, आम्ही शेजारी बसून शिकू. दुपारीच ठेवू, तुमची झोप झाल्यावर. या वेळी पेटी उचलायला दारात चार जण उभे असतील.

आणि शुक्रवारी तुमच्या वाडीच्या जत्रेला मी येतेय. आई पण येणार आहे. पहाटेपर्यंत बसणार, पेटीच्या बाजूलाच, चटई घरून आणते. नाटकानंतर घोटभर चहा माझ्याकडून.

घसा आता बरा आहे. काळी चार लागते.

तुमची,
सुभद्रा