यंदा कापूस घरात नको

ती. अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर अण्णा 'बरं बरं, बघू' म्हणतात आणि आई लगेच 'जेवलीस का' वर येते. म्हणून लिहितेय. अण्णा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

दिवाळी झाली की तुम्ही दोघांनी इकडं संभाजीनगरला यायचं आणि पाडव्यापर्यंत राहायचं. विचारत नाहीये, ठरलंय. दादाशी बोलून झालंय, म्हैस तो बघणार आहे. आणि यंदाचा कापूस घरात यायचा नाही. वेचला की सरळ विकायचा. भाव वाढेल म्हणून ओसरीत माळवदाला टेकेपर्यंत कापूस दाबायचा आणि उरलेल्या जागेत आईचं अंथरूण टाकायचं, हे आता बास. क्विंटलमागं चार पैसे कमी आले तर येऊ द्या. अण्णा, शेत तुमचं, मेहनत तुमची, भावाचं मला काय कळतं, हे सगळं मान्य. पण त्या कापसाची तुसं आणि धूळ आईच्या छातीत जाते, ते मला कळतं.

मागं आईच्या दम्यासाठी छातीचा सीटी स्कॅन काढला आणि ती फुंकायची तपासणी केली, तेव्हा डॉक्टरांपुढं रांग होती. त्यांनी सांगितलं ते तुमच्यापर्यंत नीट पोचलं नाही, असं मला परतूरच्या गाडीत बसवतानाच वाटलं होतं. इतकी वर्षं आपण काय धरून चाललो? छातीत धूळ गेली, धूर गेला की श्वासनळी आवळते, औषध घेतलं की सुटते, झालं. साधा दमा बराचसा असाच असतो. आईचा आता तसा राहिलेला नाही. तिच्या श्वासनळ्यांची भिंतच जाड झालीय. दमा असा कठीण झाला की नळीच्या आतल्या अस्तराखाली चिवट तंतूंचा थर वाढतो, भोवतीचा स्नायू फुगतो, कफ करणाऱ्या पेशी पहिल्यापेक्षा किती तरी जास्त होतात. अण्णा, आपल्या ठिबकच्या नळीत क्षार धरतात ना, बाहेरून नळी तीच दिसते आणि शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसं. नळीच्या तोंडाची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, हिशेबानं सोळापट होतो. न्हाणीपासून देवघरापर्यंत येताना आई भिंतीला हात लावून थांबते, ते वयामुळं नाही.

सीटीत आणखी एक दिसलं. दोन-तीन बारीक नळ्यांत कफाचे बूच बसलेत. ते खोकून निघत नाहीत, काही जणांत वर्षानुवर्षं त्याच जागी राहतात. त्यामुळं 'पंप ओढूनही छाती मोकळी होत नाही' असं आई म्हणायची आणि आपण 'नीट ओढत नाहीस' म्हणायचो, त्यात तिचंही खरं होतं.

आईच्या बेडक्याचा नमुना आमच्याच लॅबला आला होता. काच मीच लावली. सूक्ष्मदर्शकाखाली बिनरंगी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळते स्फटिक दिसले. लायडन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७२ साली दम्याच्या बेडक्यात हेच पाहिले होते. आम्हाला कॉलेजात चित्रातून शिकवलेले. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फुटल्या की त्यांच्यातल्या प्रथिनाचे हे स्फटिक होतात. ते नुसते पडूनही राहत नाहीत. २०१९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ते सूज आणखी चेतवतात. रोज कुणाकुणाच्या काचा बघते, पण त्या काचेवर आईचं नाव होतं. रिपोर्ट लिहायला जरा वेळ लागला.

आई, आता तू 'मीच दुखणं अंगावर काढलं' म्हणून रडत बसू नकोस. नळीच्या अस्तराखालचा तो थर लहान लेकरांतही जाड झालेला सापडलाय. चुलीचा धूर, कापूस, मळणीची धूळ यांनी भर घातली असेल, पण तू काही मुद्दाम केलं नाहीस. आणि अण्णा, तुम्ही मृगाला तिला हैदराबादला न्यायचात, तिथलं दम्याचं औषध माळकरी म्हणून जिवंत माशाऐवजी गुळातून घेऊन यायचात, त्याची मी कधी थट्टा केली नाही, करणारही नाही. त्या गर्दीत तिचा हात धरून कोण उभं राहिलं असतं?

लहानपणी आई गोष्ट सांगताना ऐन वेळी थांबायची. राक्षस दाराशी आलाय आणि आई गप्प. आम्ही दोघं पांघरुणात घट्ट. मला वाटायचं काय रंगवून सांगते! ती श्वासासाठी थांबत होती. तरी आई, गोष्ट अर्धी सोडून तू कधी झोपली नाहीस.

आता पुढचं. डॉक्टर मेपोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन सुरू करणार आहेत, दर चार आठवड्यांनी, कातडीखाली. अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं, तेव्हापासून वापरात आहे. इओसिनोफिलला पोसणारा जो निरोप शरीरात फिरतो, तोच ते अडवतं. आईच्या रक्तात या पेशी भरपूर आहेत, म्हणून तिला उपयोग होण्याची आशा जास्त. जे घट्ट झालंय ते सगळं मोकळं होईल असं मी सांगत नाही. पण अटॅक कमी होतील आणि त्या स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करता येतील. त्या गोळ्यांनीच साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मनानं मात्र बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशाच. पैशाचं अण्णांनी विचारायचं नाही. बैलाला सर्रा झाला तेव्हा तुम्ही रात्री डॉक्टरला आणलं, किंमत विचारली होती का? (आईची बरोबरी बैलाशी करत नाहीये, दोघंही हसा.)

इथं त्रास काहीच नाही. घर तळमजल्याला, जिना नाही. ज्वारी गावाकडचीच आहे, भाकरी मी थापते, अण्णांना पातळ लागते ते लक्षात आहे. नळाला पाणी कधी येतं ते महापालिकेलाच ठाऊक, पण आपली टाकी भरलेली असते. मागच्या गल्लीत विठ्ठलाचं मंदिर आहे, संध्याकाळी हरिपाठ असतो. देवापुढं निरांजन लावा, उदबत्ती आणि धूप मात्र नाही. देव समजून घेईल.

तोवर एवढं करा. बरं वाटलं तरी रोजचा पंप दोन्ही वेळा, स्पेसर (पंपाला लावायची ती पोकळ नळी) लावून, मग चूळ भरायची. 'सवय लागते' हे कोण शेजारीण सांगते, तिचा फोन मला लावून द्या. नुसत्या निळ्या पंपावर राहायचं नाही. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतूनही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. निळ्या पंपानं नळी तात्पुरती सैल पडते, आतली सूज तशीच राहते. सोयाबीनच्या मळणीला आईनं खळ्याकडं फिरकायचं नाही, डबाही अण्णांनी स्वतः न्यायचा. गॅस संपला म्हणून चूल पेटवायची नाही. रात्री बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. मला नंतर केला तरी चालेल.

येताना रिकामे झालेले पंप फेकू नका, पिशवीत घालून आणा, कोणता किती दिवस पुरतो ते मला बघायचंय. लोणच्याची बरणी आणू नका, अण्णांना जड होते. आणायचीच असेल तर छोटी आणा.

तुमची,
सुमन